निरगाठ की सुरगाठ?

'गाठ' हा मराठीतला मोठा कष्टाळू शब्द आहे. जुना मित्र भेटला की गाठ पडते, लग्न ठरलं की गाठ बांधली जाते, चार पावसाळे पाहिले की अनुभव गाठीशी जमतो. पण हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला की घरातले आवाज एकदम खाली येतात. आणि ती गाठ लहान मुलाच्या पोटात असेल तर मग बोलायलाच नको.

आज त्याच गाठींबद्दल लिहायचं आहे. लहान मुलांच्या किडनीत होणाऱ्या गाठी, आणि त्यातही क्वचित सापडणाऱ्या, कॅन्सर नसलेल्या गाठी. विषय जड आहे हे मान्य. (नेहमीच्या वाचकांना पुढच्या वेळी खादाडीवर काहीतरी, नक्की!) मी डॉक्टर नाही, हेही आधीच सांगून टाकतो. इतिहास वाचायचा नाद आहे, आणि ह्या एका विषयाचा इतिहास वाचायला एक घरगुती कारण मिळालं. ते पुढे येईलच.

सुरुवात करायची ती माक्स विल्म्स ह्या जर्मन सर्जनपासून. १८९९ साली त्यांनी मूत्रपिंडातल्या 'मिश्र गाठीं'वर एक पुस्तक लिहिलं. अशा गाठी पाहणारे ते पहिले नव्हेत. लीड्सच्या थॉमस जेसप यांनी १८७७ मध्ये दोन वर्षांच्या मुलाची गाठ आलेली किडनी काढलीही होती. पण एकाच गाठीत स्नायूसारखं काही, अर्धवट बनलेल्या मूत्रनलिकांसारखं काही, अशी सरमिसळ कशी काय होते, ह्याचं उत्तर विल्म्स यांनी नीट मांडलं. बाळ पोटात घडत असताना ज्या कच्च्या पेशींपासून निरनिराळे अवयव बनतात, त्यांच्यातूनच ही गाठ उगवते, असं त्यांचं म्हणणं. ते पटलं, आणि गाठीला त्यांचंच नाव चिकटलं: विल्म्स ट्यूमर.

नाव चिकटलं ते इतकं घट्ट, की मुलाच्या किडनीतली गाठ म्हणजे विल्म्स, आणि विल्म्स म्हणजे कॅन्सर, असं समीकरणच होऊन बसलं. हे समीकरण दहापैकी नऊ वेळा बरोबरही असतं. गोष्ट आहे ती उरलेल्या दहाव्याची.

आधी त्या नऊ जणांचं काय झालं ते पाहू, कारण ती विसाव्या शतकातल्या वैद्यकातली एक खरोखर अभिमानाची कहाणी आहे. बॉस्टनच्या बाल रुग्णालयात विल्यम लॅड यांनी ही शस्त्रक्रिया शिस्तीत बसवली. पोट समोरून मोठं उघडायचं, गाठ चेपायची नाही, फुटू द्यायची नाही. १९३० च्या दशकात त्यांच्याकडची साधारण ३२ टक्के मुलं वाचत होती. आज हा आकडा वाचून वाईट वाटतं, पण त्याआधी जवळजवळ कुणीच वाचत नसे. मग रॉबर्ट ग्रॉस यांनी ऑपरेशननंतर रेडिएशनचा शेक द्यायला सुरुवात केली, आणि १९५० पर्यंत आकडा ४७ वर गेला. मग आले त्याच रुग्णालयातले सिडनी फार्बर. ल्युकेमियावर अमिनोप्टेरिन हे औषध वापरून पाहणारे ते हेच. (ते औषध अमेरिकेत लेडर्ली कंपनीत तयार झालं ते आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली. सुब्बाराव यांच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.) फार्बर यांनी विल्म्ससाठी अ‍ॅक्टिनोमायसिन-डी वापरलं, आणि १९६६ साली लिहिलं की ज्यांची गाठ पसरलेली नाही अशा मुलांपैकी ८९ टक्के मुलं दोन वर्षांनंतर जिवंत आणि रोगमुक्त आहेत.

३२, ४७, ८९. एका माणसाच्या नोकरीच्या काळात!

आता हे आकडे असे वर चढत असताना कुणाच्याही मनात कोणता विचार येईल? प्रत्येक मुलाला सगळं द्या. ऑपरेशन, शेक, औषध. कमी पडायला नको. त्या काळच्या डॉक्टरांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

पण एक कोडं होतं. अगदी तान्ह्या बाळांच्या गाठी फार सौम्य वागत. नुसती किडनी काढली तरी बाळ ठणठणीत. मोठ्या मुलांत मात्र हीच गाठ फुप्फुसात जाऊन बसायची. लहान वयात लवकर सापडते म्हणून असं होतं, असं एक स्पष्टीकरण होतं. दुसरं स्पष्टीकरण असं, की हा मुळात वेगळाच आजार आहे.

१९६७ साली रॉबर्ट बोलांड आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आठ तान्ह्या बाळांच्या गाठींवर एक लेख लिहिला. फक्त आठ. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना विल्म्समधली ती सरमिसळ दिसली नाही. दिसल्या त्या लांबट, चातीसारख्या पेशींच्या एकमेकींत गुंफलेल्या जुड्या. गाठ कापली तर आतून पांढरट, रबरासारखी, भोवरे भोवरे असलेली, बायकांच्या गर्भाशयात होणाऱ्या फायब्रॉइडसारखी. त्यांनी तिला नाव दिलं 'कंजेनिटल मेसोब्लास्टिक नेफ्रोमा'. नाव बोजड आहे, पण लेखाचा अर्थ सरळ होता. हा विल्म्स नव्हे. किडनी काढा आणि थांबा.

इथे एक गंमत आहे. (गंमत म्हणायचं, पण त्यात जीव टांगणीला लागलेले असतात.) साध्या गाठीला स्वतःची हद्द असते आणि कॅन्सर हद्द ओलांडून शेजारी घुसतो, असं आपल्याला सगळ्यांना शिकवलेलं असतं. इथे नेमकं उलटं. विल्म्सभोवती बहुतेक वेळा एक स्पष्ट आवरण दिसतं. आणि ही साधी गाठ मात्र बोटं पसरल्यासारखी किडनीत, बाजूच्या चरबीत घुसलेली असते. म्हणजे जी सभ्य दिसते ती घातकी, आणि जी दांडगाई करताना दिसते ती निरुपद्रवी. निरगाठ आणि सुरगाठ वरून सारखीच दिसते, ओढून पाहिल्याशिवाय कळत नाही, तशातली गत. बोलांड यांनी केलं ते हेच, की दिसण्यापेक्षा वागण्यावर विश्वास ठेवला. पुढे १९७१ मध्ये त्यांनी आणखी एक मोठा विचार मांडला. नवजात बाळांच्या बऱ्याच गाठी एकूणच सौम्य का असतात, त्या वयात शरीर कॅन्सरला दाबून धरतं की काय, असा.

'थांबा' हा सल्ला किती मोलाचा होता ते कळायला थोडी वर्षं जावी लागली. अमेरिकेत १९६९ पासून देशभरातल्या रुग्णालयांनी मिळून विल्म्सचा अभ्यास सुरू केला. त्याच्या दुसऱ्या टप्प्यात, १९७० च्या दशकात, लक्षात आलं की वर्षाच्या आतली बाळं रोगाऐवजी औषधांनीच दगावत आहेत. मोठ्या मुलांच्या हिशेबाने ठरवलेला डोस त्यांना झेपत नव्हता. तो निम्मा केला, आणि तरीही रोग बरा होत राहिला. शेकाचंही तेच. वाढत्या मणक्यावर तो पडला की पुढे पाठीला बाक येतो. अशा वेळी ज्या बाळाला कॅन्सर नाहीच, त्याला हे सगळं देणं म्हणजे काय, ह्याचा विचार करा. १९८२ मध्ये ह्याच अभ्यासगटाने मेसोब्लास्टिक नेफ्रोमा झालेल्या ५१ मुलांचा हिशेब मांडला, आणि ऑपरेशन पुरेसं आहे ह्यावर शिक्का बसला.

आता घरगुती कारण. नात्यातल्या मंडळींना ते दिवस माहीत आहेतच, बाकीच्यांसाठी चार ओळी. माझ्या एका भाचीला आठव्या महिन्यात सोनोग्राफीत सांगितलं की बाळाच्या किडनीपाशी गाठ दिसते आहे, आणि पिशवीतलं पाणीही जास्त आहे. बाळ जन्मलं, रडलं, दूध प्यायलं, सगळं नेहमीसारखं. पोटाच्या उजव्या बाजूला मात्र हाताला लागेल एवढा टणकपणा. 'कॅन्सर आहे का?' ह्या प्रश्नाला डॉक्टर एकच उत्तर देत होते, 'बहुधा नाही, पण किडनी काढून तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही.' आपल्याकडे 'टाटाला न्यायला लागेल का' हा एक वेगळाच प्रश्न असतो. १९४१ साली परळला ते हॉस्पिटल उघडल्यापासून आपण त्या रोगाचं नाव घ्यायच्या ऐवजी हॉस्पिटलचं नाव घेतो. घरात कुणीतरी तो विचारला, आणि बराच वेळ कुणी बोललं नाही.

मला तेव्हा डॉक्टरांच्या उत्तराचा राग आला होता. इतकी यंत्रं, इतके पैसे, आणि 'बहुधा'? नंतर वाचत गेलो तसं कळलं की ते उत्तर टाळाटाळीचं नव्हतं. ते अचूक होतं.

कारण सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ही यंत्रं गाठ कुठे आहे, केवढी आहे, रक्तवाहिनीत शिरली आहे का, दुसऱ्या किडनीत काही आहे का, हे सगळं सांगतात. एखादी गाठ स्वतःच ओळख देते. उदाहरणार्थ अँजिओमायोलायपोमा. त्यात चरबी असते ती सीटीत दिसते, आणि त्या मुलाला ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आजार आहे हेही बहुतेकदा आधीच माहीत असतं. पण विल्म्स आणि मेसोब्लास्टिक नेफ्रोमा चित्रावरून खात्रीने वेगळे करता येत नाहीत. कधी कधी जुना जंतुसंसर्गही गाठीचं सोंग घेतो. मग डॉक्टर 'बहुधा' कशाच्या जोरावर म्हणतात? वयाच्या. विल्म्सचं नेहमीचं वय तीन-चार वर्षांचं. मेसोब्लास्टिक नेफ्रोमा जवळजवळ नेहमी पहिल्या वर्षाच्या आत, आणि पहिल्या तीन महिन्यांत किडनीतली सर्वांत जास्त आढळणारी गाठ तीच. म्हणजे इतक्या यंत्रांच्या गर्दीत सर्वांत भरवशाची खूण निघाली ती बाळाची जन्मतारीख!

मग सुई घालून तुकडा का काढत नाहीत? हा प्रश्न आमच्याकडेही विचारला गेला होता. ह्यावर डॉक्टरांचेच दोन पंथ आहेत. अमेरिकेत शक्य असेल तिथे आधी ऑपरेशन. सुई घातली तर गाठीतल्या पेशी पोटात सांडू शकतात, म्हणून विल्म्स निघाला तर तो वरच्या टप्प्यातला धरतात आणि उपचार वाढतात. युरोपातल्या सिऑप ह्या गटाने १९७१ पासून दुसरी वाट धरली. आधी केमो देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, म्हणजे गाठ फुटायची भीती कमी. ही वाट चांगली चालली, पण तिची एक किंमत होती. चित्र पाहून विल्म्स समजून केमो दिलेल्या मुलांत थोडी अशीही निघाली, की ज्यांची गाठ साधी होती. म्हणूनच त्यांनी सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना अपवाद केला. त्यांना आधी केमो नाही, सरळ ऑपरेशन. ह्या नियमामागे बोलांड यांची ती आठ बाळं उभी आहेत असं मला वाटतं.

किडनी काढल्यावर रिपोर्टला दहा दिवस लागले. ते दहा दिवस कशात जातात तेही नंतर कळलं. गाठ फॉर्मलिनमध्ये मुरवतात, तुकडे मेणात बसवतात, केसाहून पातळ काप काढून रंगवतात. तुकडे किती घ्यायचे? गाठीच्या दर सेंटीमीटरमागे निदान एक, असा दंडक आहे. कारण कॅन्सर आहे म्हणायला एका तुकड्यात तो दिसला तरी पुरतो. नाही म्हणायला मात्र सगळीकडे शोधून तो न सापडावा लागतो. सिस्टिक नेफ्रोमा नावाची दुसरी एक साधी गाठ आहे, पाण्याने भरलेल्या कप्प्यांची. तिच्या कप्प्यांमधल्या पातळ पडद्यांत कुठे विल्म्सच्या कच्च्या पेशी लपल्या आहेत का, ते पडदा न् पडदा पाहावं लागतं. सापडल्या तर गाठीचं नाव बदलतं. हे निकष जोशी आणि बेकविथ यांनी १९८९ मध्ये स्पष्ट केले.

ब्रूस बेकविथ हे नाव ह्या विषयात जिथे तिथे भेटतं. अमेरिकेतल्या त्या देशव्यापी अभ्यासातल्या गाठी तपासणारे हे पॅथॉलॉजिस्ट. १९७८ साली त्यांनी आणि पाल्मर यांनी दाखवलं की जेमतेम बारा टक्के मुलांच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली वाईट वळणाच्या दिसतात, पण एकूण मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे त्यांच्यातच होतात. म्हणजे एका नावाच्या पोटात अनेक आजार नांदत होते. एकेकाला बाहेर काढून त्याचं वेगळं नाव ठेवायचं, हेच काम पुढची वीस-पंचवीस वर्षं चाललं. २००० साली अर्गानी आणि बेकविथ यांनी 'मेटानेफ्रिक स्ट्रोमल ट्यूमर' ह्या साध्या गाठीच्या ३१ केसेस मांडल्या. त्याआधी अशा गाठींची मेसोब्लास्टिक नेफ्रोमातच गणना होत असे.

आणि साधी म्हटलेली गाठ कायम साधीच राहते का? इथे मात्र सावध राहायला हवं. मेसोब्लास्टिक नेफ्रोमातही दोन जाती निघाल्या. 'क्लासिक' आणि पेशींची दाटी असलेली 'सेल्युलर'. ही दुसरी कधी कधी परत येते, क्वचित पसरतेही. १९९८ मध्ये त्याचं कारण सापडलं. बारावं आणि पंधरावं गुणसूत्र आपापले तुकडे अदलाबदल करतात, आणि दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात. नेमकी हीच जोडणी बाळांच्या हातापायांत होणाऱ्या एका सार्कोमातही असते. म्हणजे ही सेल्युलर गाठ म्हणजे तोच आजार, फक्त किडनीत. पुढे त्याच जोडणीवर बेतलेलं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झालं, शस्त्रक्रियेने न सुटणाऱ्या गाठींसाठी. त्याच वर्षी क्लासिक जातीतला जनुकीय बदलही प्रसिद्ध झाला, आणि तो अगदी वेगळा निघाला. बोलांड यांनी एक गाठ वेगळी काढली, आणि पन्नास वर्षांनी त्या एकीच्या दोन झाल्या.

सिस्टिक नेफ्रोमाची गोष्ट तर आणखी विचित्र. २००९ मध्ये लहान मुलांच्या फुप्फुसातल्या एका दुर्मिळ कॅन्सरमागे डायसर-१ हे जनुक आहे असं कळलं, आणि ह्याच कुटुंबांत सिस्टिक नेफ्रोमा असलेली मुलं आढळत होती. त्यामुळे किडनीतली अगदी निरुपद्रवी गाठ पाहिल्यावर डॉक्टर मुलाच्या छातीचा फोटो मागतात, घरच्यांची चौकशी करतात. गाठ साधी, पण ती निरोप घेऊन आलेली असू शकते.

हे सगळं वाचताना मला एक गोष्ट फार जाणवली. वैद्यकाचा इतिहास म्हटलं की आपल्याला नवं औषध, नवं यंत्र, नवं ऑपरेशन आठवतं. म्हणजे सगळी बेरीज. इथला एक मोठा शोध वजाबाकीचा आहे. काय करायचं नाही, हे शोधून काढण्याचा. आठ बाळांच्या गाठी शांतपणे पाहून कुणीतरी म्हणतं की इथे औषध नको, शेक नको, आणि त्या वाक्याने किती बाळांची पाठ सरळ राहिली असेल त्याची मोजदाद कुठेच नसते. न झालेल्या त्रासाचा आकडा कोण ठेवणार?

आमच्या बाळाचा रिपोर्ट 'मेसोब्लास्टिक नेफ्रोमा, क्लासिक' असा आला. केमो नाही. पहिलं वर्ष ठरावीक अंतराने सोनोग्राफी, कारण परत यायची असेल तर ती बहुधा वर्षाच्या आत येते. ते वर्ष नीट पार पडलं. एका किडनीवर छान जगता येतं, फक्त तिची काळजी घ्यायची, अधूनमधून रक्तदाब पाहायचा. ती बया सध्या घरभर धावते आणि कुणाचंही ऐकत नाही.

जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट फेकू नका, आणि मेणातले ब्लॉक कुठे ठेवलेत, किती वर्षं ठेवणार, ते विचारून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर तेच लागतात. शिवाय ह्या इतिहासात नावं कशी बदलत गेली ते वर पाहिलंच. जुनी गाठ नव्या नजरेने पाहायची वेळ पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. माझ्या भाचीने तो रिपोर्ट मुलीच्या जन्मपत्रिकेच्याच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. दोन्हींपैकी तो जास्त कामाचा आहे, असं मी म्हटलं. त्यावर आमच्या ताईने जे पाहिलं माझ्याकडे, ते इथे लिहिण्यासारखं नाही!

असो. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींत कुणी पॅथॉलॉजीत काम करणारं असेल तर जरूर लिहा. तुमच्या टेबलावरून रोज काय काय जातं आणि आम्हाला त्यातलं काहीच कळत नाही, ह्याचं आता फार कुतूहल वाटतं.